चाकातला आवाज

गडावर माणसं नेणाऱ्या जुन्या जीपमधून बरेच दिवस भुंग्यासारखा आवाज घुमत होता. प्रवाशांनी मालकाकडे तक्रार केली, ड्रायव्हर पुंजाने मात्र कधी केली नाही. गाडी माझ्या गॅरेजवर आणली तेव्हा मालक दौलतशेठ त्याच्यावर भडकले.

"सगळ्यांना ऐकू येतं, तुलाच कसं नाही? कान गेले असतील तर घरी बस. घाटात माणसांचा जीव असतो."

"कान चांगले हायेत, शेठ. बायको दोन घरांवरून शिव्या देते, त्या बरोब्बर ऐकू येत्यात," पुंजा हसून म्हणाला. शेठ हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुंजा गाडी न्यायला आला. त्याला शेजारी बसवून मी पेठ रोडला चक्कर मारली.

"पुंजाभाऊ, येतोय का आवाज?" मी मोठ्याने विचारलं.

त्याने डोळे मिटले, मान तिरकी करून बराच वेळ ऐकलं.

"येतो ना, मिस्त्री. मागच्या चाकात लय घुमतंय. शेठला सांगा, पुंजाने बरोबर वळखलं."

मी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि चावी खिशात घातली.



चाकाचं बेअरिंग मी सकाळीच बदललं होतं. आवाज तेव्हाच गेला होता.