हस्तांदोलन

विद्यापीठातल्या संपाच्या वर्षी सैनिक मुलींच्या वसतिगृहात घुसू लागले, तेव्हा कुलगुरू नाबिऱ्ये दारात आडव्या उभ्या राहिल्या. तरण्या कॅप्टननं बंदुकीचा दस्ता त्यांच्या उजव्या खांद्यावर घातला. त्या रक्तबंबाळ होऊन पडल्या तरी दार सोडेनात, म्हणून त्यानं त्या मोडलेल्या हातावर बूट रगडला. तेवढ्यात मुली मागच्या दारानं निसटल्या.

आज त्यांच्या निरोपसमारंभाला तोच कॅप्टन मंत्री मुगोया होऊन आला होता. त्यांना पदक लावून त्यानं हात पुढे केला. नाबिऱ्येंनी डावा दिला.

"उजवा द्या ना, प्रोफेसर," तो हसला.

"तो उचलला जात नाही. तुम्हीच मोडलात."

"मी? मला नाही बुवा आठवत."

माईक चालूच होता.

"मला आठवतं," त्या म्हणाल्या, "रोज सकाळी, नवरा मला हा पायघोळ झगा, ही गोमेसी, नेसवून देतो तेव्हा."