रस्त्यापलीकडचं मीडियम

पॅन्ट मांडीपर्यंत आली आणि तिथेच ठाण मांडून बसली. वहिनीने श्वास आत ओढला, एका पायावर उडी मारली, कोपर आरशावर आपटलं. पॅन्ट ढिम्म हलेना.

"चढली का?" ट्रायल रूमच्या दाराबाहेरून नणंदेने विचारलं.

"एक्सएल आहे म्हणे ही," वहिनी आतून म्हणाली. "बाहुलीची असेल."

दुपारी तिची मुलाखत होती. मुलगी झाल्यावर सुटलेली नोकरी, त्यानंतर घरात गेलेली वर्षं, पाठवलेले ढीगभर अर्ज आणि त्यातून आलेलं हे एकच बोलावणं. तयार कपडे बनवणाऱ्या कंपनीत, तक्रार विभागात. आणि नेमकं आजच सकाळी तिच्या एकुलत्या एक बऱ्या पॅन्टच्या चेनने राम म्हटला.

तशी समोरच्या दुकानात तिला मघाशीच एक पॅन्ट बसली होती. मीडियम, अगदी मापाने शिवल्यासारखी. पण नणंद पडली डोकेबाज. "वहिनी, ज्यांच्याकडे नोकरी मागायला चाललीस त्यांचेच कपडे घालून जा. लगेच नजरेत भरशील." म्हणून दोघी रस्ता ओलांडून त्या कंपनीच्या दुकानात आल्या. इथे मीडियम गुडघ्याशी अडली, लार्जने जरा पुढची मजल मारली, आणि आता एक्सएलची ही तऱ्हा.

नणंदेने दाराच्या फटीतून डबल एक्सएल आत सरकवली. ती बसली. बटण लागलं, चेन वर आली, कुठे म्हणून अडलं नाही. वहिनी स्टुलावर टेकली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पॅन्ट तिला छान दिसत होती, पण आरशाकडे बघतंय कोण? तिच्या डोळ्यांसमोर नाचत होते फक्त कमरेवरच्या चिठ्ठीतले ते दोन एक्स.

"मी नाही जात," ती म्हणाली. "घरात बसून बसून काय होऊन बसलंय माझं."

नणंद दार ढकलून आत घुसली. त्या खोक्याएवढ्या जागेत दोघींना हलायलाही जागा उरली नाही. "मघाशी तू मीडियम होतीस. मधल्या वेळात काय खाल्लंस, ते सांग बघू. मी तर तुझ्याबरोबरच होते, मला कसं काही मिळालं नाही?"

वहिनीला रडता रडता हसू फुटलं. एकदा हसल्यावर परत रडणं काही जमेना. शेवटी तीच पॅन्ट घालून ती निघाली.

मुलाखतीला तिघं बसले होते. मधे कंपनीच्या मालकीणबाई, पन्नाशी उलटलेल्या, आणि दोन बाजूंना दोन साहेब. कोपऱ्यात शिवणकामाचा, कापडाने मढवलेला बिनडोक्याचा पुतळा उभा होता. शिक्षण विचारून झालं, आधीची नोकरी विचारून झाली, मधली वर्षं काय केलं तेही विचारून झालं. मग मालकीणबाई म्हणाल्या, "समजा, एखादी बाई चिडून आली. म्हणाली, तुमचे कपडे मला बसत नाहीत. तिला काय सांगाल?"

याचं उत्तर वहिनीने घरून पाठ करून आणलं होतं. गोड बोलायचं, मापांचा तक्ता दाखवायचा, कपडा बदलून द्यायचा. तिने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"सांगेन, 'बाई, चूक तुमची नाही.' मॅडम, आज सकाळी तुमच्या दुकानासमोरच्या दुकानात मी मीडियम होते. तुमच्याकडे आले तर डबल एक्सएल. मधे मी फक्त रस्ता ओलांडला."

डावीकडच्या साहेबांनी चष्मा काढला. "सगळ्याच बायकांना असं वाटतं. नाचता येईना, अंगण वाकडं."

"साहेब, कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं," वहिनी म्हणाली. "चिडून येते तिची तक्रार तुमच्यापर्यंत पोचते तरी. ट्रायल रूममध्ये रडून जाते ती तक्रार करत नाही. स्वतःलाच बोल लावते आणि घरी जाते. आज मीही तशीच घरी निघाले होते."

साहेबांनी चष्मा परत चढवला आणि तिचा अर्ज बाजूला सरकवला. नोकरी हातची गेली, हे वहिनीला कळून चुकलं. नवल म्हणजे तिला वाईट वाटलं नाही. सकाळपासून आत ओढून धरलेलं पोट तिने आत्ता कुठे सैल सोडलं होतं.

मालकीणबाई उठून कोपऱ्यात गेल्या आणि त्यांनी पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या. "कंपनी काढली तेव्हाची. मापाला उभी करायला दुसरी कोणी नव्हती, म्हणून माझ्याच अंगावरून हा पुतळा करून घेतला. आमचं मीडियम म्हणजे ही. बाकीची सगळी मापं हिच्यावरूनच वाढवायची नि कमी करायची."

"आणि आता?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं. "आता तुम्हाला बसतं तुमचं मीडियम?"

मालकीणबाईंनी स्वतःच्या पॅन्टवरून हात फिरवला. "नाही बसत. कित्येक वर्षं झाली, मी समोरच्या दुकानातून घेते."

दोन्ही साहेब एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. ही बातमी त्यांच्यापर्यंत कधी पोचली नव्हती.

मालकीणबाईंनी टेबलाचा खण उघडून मोजपट्टी काढली. "तक्रारी तर तुम्ही सांभाळालच," त्या म्हणाल्या. "पण आधी इथे येऊन सरळ उभ्या राहा. आजपासून आमचं मीडियम तुम्ही."