नेटवर

अमेरिकन खेळाडू पूर्वी सर्व्हिस करून नेटवर धावायचे, आता सगळे मागे उभे राहून चेंडू बडवतात, हे नाशिकच्या हरिहररावांचं जुनं दुःख. दर शुक्रवारी त्यांचा मेसेज यायचा, "हल्ली कुणी नेटवर येत नाही गं." सौदीतल्या जिझानच्या रिफायनरीत इंजिनिअर असलेली त्यांची मुलगी चारुता अमेरिकन टेनिसच्या घसरणीवरचा एखादा लेख पाठवून द्यायची. "बाबा, कोर्टं संथ झाली, रॅकेटी बदलल्या. आता पुढे येतो तो हरतो!"

"असेल बाई," एवढंच उत्तर यायचं.

बाबा गेल्यावर तिने आईला जिझानला आणलं. एका शुक्रवारी आईला ते मेसेज दाखवत चारुता म्हणाली, "शेवटपर्यंत टेनिसचंच वेड!"

"कसलं टेनिस?" आई म्हणाली. "टीव्हीवरचा चेंडू त्यांना शेवटची दोन वर्षं दिसतच नव्हता. शुक्रवारी तुला सुट्टी, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचे. तासभर तू नेटवर दिसली नाहीस, की मग मेसेज करायचे."

शेवटच्या मेसेजखाली तिनेच पाठवलेला हसरा चेहरा चारुताला बघवेना.