कॅप्टनचे हात

वजनकाट्याच्या रांगेत रेलिन टिडवेलच्या पुढे आता स्पर्धकांच्या तीनच जोड्या उरल्या होत्या आणि तिच्या अर्जातला एक रकाना अजून कोरा होता. पाच जिवंत बास माशांची, पाण्याने भरलेली पिशवी तिच्या हातात होती. अर्ज कोच हॅस्कलच्या हातात होता. त्याच्या कॉलेजात मासेमारीचा संघ होता आणि संघात रेलिनची जागा पक्की झाली होती. पदवी कोणत्या विषयाची घेणार, एवढंच लिहायचं राहिलं होतं. गंटर्सव्हिल तळ्याच्या धक्क्यावर हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेत बारावीची मुलं मासे तोलून झाले की कॉलेजची टोपी घालतात आणि विषय मंचावरूनच सांगतात.

"मत्स्यशास्त्र लिहून टाका," वेंडेल टिडवेल म्हणाला. तो रेलिनचा बाप आणि तिच्या बोटीचा कॅप्टन. "मासे उलटून प्रश्न विचारत नाहीत. पोर लाजाळू आहे माझी."

कोचने रेलिनकडे पाहिलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. कोचने पेनाला टोपण लावलं. मंचावर सांगशील तेच लिहीन, म्हणाला, पण एकदा सगळ्यांसमोर सांगितलं की मग बदल नाही.

विषय सुचवायला रांगेत कुणीच मागे नव्हतं. रेलिनची जोडीदार जोसी; तिची आई उकडलेल्या शेंगा सोलता सोलता नर्सिंगच घे म्हणत होती. मासेमारीत नाव कमव, कोण अडवतंय, पण खांदा निखळला तर मासे घरी पगार आणून देणार नाहीत. त्यावर जोसी म्हणाली, हिच्या हातात सुई बघून पेशंट तळ्यात उडी मारेल. मागच्या एका बापाने बोटीच्या इंजिनांचा कोर्स सुचवला. वेंडेलने सगळ्यांना हसतखेळत उत्तरं दिली. प्रश्न रेलिनला विचारायचा आणि उत्तर वेंडेलने द्यायचं, ही चार वर्षांची सवय होती.

एरवी तो कडक कॅप्टन होता. शाळेच्या स्पर्धेत बोट मोठ्या माणसाने चालवायची, पण गळाच्या काठीला हात लावायचा नाही. गळाला लागलेला मासा वर उचलायच्या जाळ्यालाही नाही. लावला तर त्या दिवसाचे सगळे मासे बाद. मागच्या वर्षी सात पौंडांचा मासा बोटीच्या कडेपर्यंत येऊन दोनदा निसटायला आला, तेव्हा वेंडेल दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. रेलिनने मासा एकटीने वर घेतला. वेंडेलच्या बोटांवर सीटच्या शिवणीचे वळ संध्याकाळपर्यंत दिसत होते.

फेब्रुवारीत गळ बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस तळ्यावर आला होता. त्याला कंपनीच्या नावाने उतरवायला एक तरुण स्पर्धक हवा होता. रेलिनचे वर्षभराचे आकडे त्याला पाठ होते. त्याने कॅमेरा लावला आणि हातातल्या गळाबद्दल दोन मिनिटं बोल म्हणाला. वेंडेल पुढे झाला आणि बोलला. चांगलं बोलला. त्या माणसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि जागा स्कॉट्सबरोच्या एका मुलाला दिली. त्या मुलाच्या माशांचं वर्षाचं वजन रेलिनच्या निम्मंही नव्हतं.

"मासे पकडणारे मला ढीगभर मिळतात," जाताना तो वेंडेलला म्हणाला होता. "बोलणारा मिळत नाही."

वेंडेल आठवडाभर अन्याय, अन्याय म्हणत राहिला. रेलिनला तो अन्याय वाटला नाही. तिने ते वाक्य गळाच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवलं. मग कॉलेजचं विषयांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीन वेळा वाचलं.

त्यांचा नंबर आला. रेलिन, जोसी आणि वेंडेल मंचावर चढले. अठरा पौंड, सहा औंस. पाचही मासे जिवंत, म्हणून वजनात कपात नाही. टाळ्या झाल्या. माईकवरून नावं पुकारणाऱ्या लॉयलने रेलिनच्या डोक्यावर कॉलेजची टोपी ठेवली, विषय विचारला आणि नेहमीप्रमाणे माईक वेंडेलसमोर धरला. वेंडेलने तोंड उघडलं.

रेलिनने ओल्या हाताने माईक स्वतःकडे ओढला.

"डॅ... डॅडी," ती म्हणाली. "कॅ-कॅप्टनने काठीला हात ला... लावायचा नाही."

धक्क्यावर दोनशे माणसं होती. रेलिन लाजाळू नाही, तिच्या ओठांवर शब्द अडकतात, हे त्यांतल्या दोघांनाच ठाऊक होतं. एक जोसी, दुसरा वेंडेल. आता ते सगळ्यांना कळलं. शेंगा सोलणारे हात थांबले.

तिने नाव सांगितलं. आडनावाला वेळ लागला. कॉलेजचं नाव सांगितलं. मग विषयाच्या पहिल्याच अक्षरावर ती अडकली. "भा," ती म्हणाली. पुन्हा "भा". लॉयलने मदतीला मान पुढे केली. तिने हाताने त्याला थांबवलं. तिची मान ताठ झाली, डोळे मिटले, पण माईक तोंडापासून हलला नाही.

पुढचा शब्द वेंडेलला कळला होता. त्याच्या जिभेवर तो तयार होता. माशाखाली जाळं धरावं तसा त्याने तो पुढे केला असता, तर सगळं दोन सेकंदांत आटोपलं असतं.

वेंडेल मंचाच्या लाकडी पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"भा... भाषणकला," रेलिन म्हणाली.