चार बाकं लांब

शेंगदाण्याने घसा सुजून ती दोनदा मरणाच्या दारातून परत आली होती. म्हणून नववीतली ही मुलगी सहा महिने मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे हात धुऊन लागली आणि शेवटी तिने नियम करून घेतलाच: ज्याच्या डब्यात एक जरी शेंगदाणा असेल, त्याने मधल्या सुट्टीत तिच्यापासून चार बाकं लांब बसायचं. सह्या गोळा करायला तिच्यासोबत वर्गावर्गात हिंडली ती तिची बाकावरची मैत्रीण.

सोमवारी नियम लागू झाला. सुट्टीची घंटा झाली तसा एकेक जण डबा उचलून मागे जाऊ लागला. वर्गशिक्षिका दारातूनच कौतुकाने म्हणाल्या, "बघ गं, सगळे किती ऐकतात तुझं."

तिलाही भरून आलं. तेवढ्यात मैत्रीणही उठली.

"अगं, तू कुठे निघालीस? तू कधी आणतेस शेंगदाणे?"

मैत्रिणीने लांबूनच डब्याचं झाकण उघडून दाखवलं. आत एकच शेंगदाणा होता.



"पुडी छोटीच आणली होती मी. सगळ्यांना एकेकच आला."