गुलशनचे प्रश्न

गयास डोलत डोलत धडे पाठ करायचा आणि आठवड्यात विसरायचा. शेवटी त्याच्या मोठ्या बहिणीनं, गुलशननं, ही घोकंपट्टीच बंद केली. रोज दुपार कलली की ती त्याला पुस्तक मिटायला लावून प्रश्न विचारायची. आधी आजचे, मग गेल्या जुम्म्याचे, मग महिन्यापूर्वीचे. चुकलेला प्रश्न तिसऱ्या दिवशी हटकून पुन्हा यायचा.

"आपा, मास्तरांपेक्षा तूच लई छळतीस," तो कुरकुरायचा. "पण मी मॅट्रिक झालो ना, की तुलाही परीक्षेला बसवा म्हणून अब्बांना मीच सांगतो. कसम!"

परीक्षेला दोन महिने उरले असताना त्याचा दोस्त सरदार त्याच्या सगळ्या पुस्तकांचा गठ्ठा मागून गंगापूरला घेऊन गेला, तो गठ्ठा परत आलाच नाही. गुलशनचे प्रश्न मात्र एक दिवसही थांबले नाहीत.

हैदराबादहून निकाल आला. गयास शाळेत पहिला! शहागंजातलं दुकान लवकर बंद करून अब्बा मिठाई आणि फुलांचा हार घेऊन घरी आले.

"तुझी अम्मी म्हणते, पोरीला तुझ्यापेक्षा जास्त येतं," ते गयासला म्हणाले. "जालन्याचं स्थळ थांबवा आणि तिला परीक्षेला बसवा म्हणते. तू रोज तिच्यासमोर बसलास. खरं सांग, येतं का तिला?"

पाण्याचा पेला हातात धरून गुलशन दारातच थांबली. गयासनं गळ्यातला हार सारखा केला.



"नाय अब्बा. ती नुसती पुस्तकात बघून विचारायची."