सत्काराची माळ

"वहिनी, तोफगोळ्यांत राहून आलेला माणूस तो. त्याला फटाक्यांची कसली भीती?" सरपंच हणमंतराव हसत म्हणाले. फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या हवालदार खराड्यांच्या सत्काराला फटाके लावू नका, एवढंच सांगायला त्यांची बायको रंजना पंचायतीत आली होती. घरात ताट पडलं तरी ते भिंतीला चिकटतात, हेही तिने सांगितलं. सरपंचांनी तिला चहा पाजला आणि शूराला साजेशी लांबलचक माळ मागवली.

दुसऱ्या दिवशी मंचावर शाल घेऊन सरपंच पुढे झाले, तेवढ्यात माळ पेटली. हवालदारांनी त्यांना खाली पाडलं आणि स्वतः त्यांच्या अंगावर पसरले. "डोकं वर काढू नका साहेब, मी आहे." सरपंचांचा कडक इस्त्रीचा सदरा धुळीत गेला. गाव पोट धरून हसलं. फुकटची करमणूक कोण सोडतो?

धडाका थांबला, तरी मिठी सुटेना. पाठीवर धडधडणारी ती छाती सरपंचांना जाणवत होती. रंजना मंचावर आली. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अहो, संपलं."

"कुणाला लागलं?"

"कुणालाच नाही."

मग त्यांनी सरपंचांना सोडलं.

सरपंचांकडे शौर्यावरचं तासाभराचं भाषण तयार होतं. कुणीतरी माइक हातात दिलाही. त्यांनी तो बंद केला, हवालदारांच्या थरथरणाऱ्या खांद्यांवर शाल पांघरली आणि लोक पांगेपर्यंत शेजारी धुळीतच बसून राहिले. एवढा छोटा सत्कार गावात आजवर झाला नव्हता.